कागदांतले इंगल्स

अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर 1860 नंतर जाऊन वसलेल्या एखाद्या शेतकरी जोडप्याचा माग काढायचा असेल, तर सुरुवात नावापासून करू नये, जमिनीपासून करावी. नावं फसवतात. जनगणनेचा प्रगणक दारात उभा राहून जे ऐकेल ते लिहून घेई. एकाच घराण्याचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी सापडतं आणि एकाच नावाची चार माणसं एकाच जिल्ह्यात निघतात. जमीन मात्र जागची हलत नाही. सरकारने ही मैदानं विकण्या-वाटण्याआधी मोजून घेतली होती. सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोनाची एक टाउनशिप. तिचे 36 सेक्शन. प्रत्येक सेक्शन एक चौरस मैलाचा, म्हणजे 640 एकरांचा. आणि त्याची चौथाई 160 एकरांची. आपल्याकडे सातबाऱ्यावरचा गट क्रमांक हाती आला की जुने फेरफार एकामागून एक उलगडत जातात, तसंच तिथे टाउनशिप, रेंज आणि सेक्शन हे तीन आकडे मिळाले की माणसं आपोआप पुढे येतात.

या प्रकरणातले आकडे आहेत टाउनशिप 110, रेंज 56, सेक्शन 3, ईशान्य चौथाई. ठिकाण आजच्या साउथ डकोटा राज्यातलं डी स्मेट गाव. गावाच्या आग्नेयेला असलेली ही जमीन चार्ल्स इंगल्स याने 1880च्या फेब्रुवारीत ब्रुकिंग्जच्या जमीन कार्यालयात आपल्या नावे नोंदवली. सेक्शन 3 टाउनशिपच्या उत्तरेकडच्या रांगेत येतो. मोजणीतली तूट याच रांगेत काढली जाई, म्हणून या चौथाईला 160 ऐवजी सुमारे 154 एकरच भरले. बायको कॅरोलाइन, चार मुली आणि थोडीफार जनावरं एवढा त्याचा संसार.

हे जोडपं निवडण्याचं कारण त्यांची दुसरी मुलगी. लॉरा इंगल्स वाइल्डर हिने 1932 पासून आपल्या बालपणावर कादंबऱ्या लिहिल्या. त्या जगभर वाचल्या गेल्या आणि त्यांवरची दूरदर्शन मालिका 1974 पासून अनेक वर्षं चालली. मैदानांवरच्या बहुतेक जोडप्यांचे फक्त कागद उरले आहेत, काहींच्या फक्त आठवणी. इंगल्स कुटुंबाच्या बाबतीत दोन्ही आहेत, आणि दोन्ही समोरासमोर ठेवून तपासता येतात. कुटुंबाचा इतिहास कसा शोधावा, हे शिकायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आधी कायदा समजून घेऊ. अब्राहम लिंकन यांनी 20 मे 1862 रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि 1 जानेवारी 1863 पासून तो लागू झाला. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कोणाही नागरिकाला, तसंच नागरिकत्वासाठी अर्ज केलेल्या परदेशी माणसाला, 160 एकरांपर्यंत सरकारी जमीन मागता येई. किरकोळ शुल्क भरायचं, जमिनीवर घर बांधायचं, ती नांगरायची, पाच वर्षं तिथे राहायचं आणि मग साक्षीदारांसह पुरावा द्यायचा. सुमारे 40 लाख अर्ज झाले. मालकीपत्र मिळालं ते सुमारे 16 लाख जणांना. उरलेल्यांना दुष्काळ, कर्ज, आजार किंवा एकटेपणा यांनी हाकलून लावलं. अविवाहित स्त्री आणि विधवा यांना अर्ज करता येई. नवरा हयात असलेल्या बाईला सहसा करता येत नसे, कारण कायद्याच्या लेखी कुटुंबप्रमुख तिचा नवरा. या एका अटीमुळे वंशशोधकाची निम्मी अडचण उभी राहते, हे पुढे दिसेलच.

चार्ल्सचा जन्म 1836 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्यूबा गावाजवळचा, कॅरोलाइन क्वाइनरचा 1839 मध्ये विस्कॉन्सिनमधला. कॅरोलाइन पाच-सहा वर्षांची असताना तिचे वडील हेन्री क्वाइनर मिशिगन सरोवरात जहाज बुडून गेले. आईने पुढे दुसरं लग्न केलं. चार्ल्स आणि कॅरोलाइनचं लग्न 1 फेब्रुवारी 1860 रोजी विस्कॉन्सिनमधल्या कॉन्कॉर्डला झालं. या दोन घरांमध्ये एक नव्हे, तीन लग्नं झाली. कॅरोलाइनचा भाऊ हेन्री याने चार्ल्सची बहीण पॉली हिच्याशी लग्न केलं आणि चार्ल्सचा भाऊ पीटर याने कॅरोलाइनची बहीण एलायझा हिच्याशी. कॉन्कॉर्डच्या नोंदी चाळताना हे ध्यानात ठेवलं नाही, तर कोण कोणाचा पुतण्या आणि कोण कोणाचा भाचा याचा गुंता सुटत नाही. शिवाय ही भावंडं एकमेकांच्या आगेमागे गावं बदलत राहिली. म्हणून चार्ल्सचा पत्ता लागला नाही तर पीटरचा शोधावा, पीटरचा लागला नाही तर हेन्रीचा.

पुस्तकांची पाठ सोडून कागदांच्या पाठीमागे जाण्याची खरी गरज भासते ती कॅन्ससमध्ये. लॉराच्या 1935च्या पुस्तकात कुटुंब विस्कॉन्सिनचं जंगल सोडून मैदानावर येतं, इंडिपेंडन्स गावापासून चाळीस मैलांवर लाकडी ओंडक्यांचं घर बांधतं आणि शेवटी सैनिक येऊन गोऱ्या वसाहतकऱ्यांना हुसकावणार अशी बातमी आल्यावर चिडून निघून जातं. नकाशावर चाळीस मैल मोजले, तर माणूस कॅन्ससची हद्द ओलांडून आजच्या ओक्लाहोमात पोचतो. तिथे शोधणाऱ्यांच्या हाती काहीच लागलं नाही.

उत्तर 1870च्या जनगणनेत होतं. त्या उन्हाळ्यात प्रगणक मॉन्टगोमेरी परगण्याच्या रटलंड टाउनशिपमध्ये घरोघर फिरला. त्याच्या यादीत चार्ल्स आहे, कॅरोलाइन आहे, पाच वर्षांची मेरी आणि तीन वर्षांची लॉराही आहे. म्हणजे लॉरा तिथे राहिली ती तान्हेपण नुकतं संपलेलं असताना. पुस्तकातली लॉरा मात्र सगळं समजणारी, प्रश्न विचारणारी मुलगी आहे. धाकटी कॅरी पुस्तकात आईच्या कडेवर बसून प्रवासाला निघते. प्रत्यक्षात तिचा जन्म 3 ऑगस्ट 1870 रोजी कॅन्ससमध्येच झाला. कॅन्सस लॉराला स्वतःला आठवणं शक्यच नव्हतं. ते तिने आईवडिलांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि ऐकीव गोष्टीतले मैल ताणले जातात.

पण घर नेमकं कुठे होतं? चार्ल्सने त्या जमिनीवर कधी दावाच नोंदवला नाही, त्यामुळे त्याच्या नावाचा जमिनीचा कागद नाही. मग स्थानिक अभ्यासकांनी शेजाऱ्यांना धरलं. प्रगणक एका घरातून शेजारच्या घरात जातो, त्यामुळे यादीतला क्रम हा बहुधा रस्त्याचाही क्रम असतो. इंगल्सच्या आधीची आणि नंतरची जी कुटुंबं तिथे टिकली, त्यांनी पुढे आपापल्या जमिनी रीतसर नोंदवल्या. त्या जमिनी नकाशावर मांडत गेल्यावर मध्ये एक तुकडा असा राहिला, ज्यावर त्या काळी कोणाचाच दावा नव्हता. इंडिपेंडन्सपासून तो नैर्ऋत्येला सुमारे तेरा मैलांवर आहे. तिथे हाताने खणलेली जुनी विहीरही सापडली. आज त्या जागी ओंडक्यांच्या घराची प्रतिकृती उभी आहे. कुटुंबाचा स्वतःचा एकही कागद नसताना शेजाऱ्यांच्या कागदांवरून घर शोधण्याची ही पद्धत वंशशोधाच्या कुठल्याही शिकवणीत पहिल्या दिवशी सांगायला हवी.

त्याच यादीत शेजारीच एक डॉक्टर आहे. जॉर्ज टॅन हे त्यांचं नाव. ते कृष्णवर्णीय होते आणि होमिओपॅथीची औषधं देत. पुस्तकात सगळं कुटुंब हिवतापाने आडवं पडतं तेव्हा धावून येणारा डॉ. टॅन आहे, तो हाच. कादंबरीतली काही माणसं अनेक खऱ्या माणसांना जोडून बनवलेली असतात, काही निव्वळ कल्पनेतली असतात. हा माणूस मात्र खरा होता आणि इंडिपेंडन्सच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. यादवी युद्ध संपून पाचच वर्षं झाली होती, आणि मैदानावरच्या गोऱ्या कुटुंबांचे प्राण एक काळा डॉक्टर वाचवत होता. ही गोष्ट कागदाने पक्की केली नसती, तर पुष्कळांनी ती लेखिकेची कल्पना म्हणून सोडून दिली असती.

यादीतून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती जास्त जड आहे. जमिनीच्या किमतीच्या रकान्याबाबत प्रगणकाने नोंद केली की ही भूमी ओसेज या मूळनिवासी लोकांची आहे आणि वसाहतकऱ्यांना तिच्यावर मालकीहक्क नाही. चार्ल्स इंगल्स इथे होमस्टेडर नव्हताच. तो ओसेजांच्या राखीव भूमीत परवानगीशिवाय घुसलेला माणूस होता, आणि त्याच्यासारखे हजारो होते. 15 जुलै 1870 रोजी अमेरिकी संसदेने कायदा करून ओसेजांना तिथून हलवायचं आणि ती जमीन वसाहतकऱ्यांना एकरी सव्वा डॉलरने विकायची असं ठरवलं. ओसेजांनी सप्टेंबरमध्ये ते नाइलाजाने स्वीकारलं आणि आजच्या ओक्लाहोमात नवी भूमी स्वतःच्या पैशाने विकत घेतली. म्हणजे हुसकावले गेले ते ओसेज. चार्ल्सला जमीन विकत घेऊन राहता आलं असतं.

मग तो का गेला? त्याचंही उत्तर जमिनीच्या नोंदवहीत मिळतं. विस्कॉन्सिनमधल्या पेपिन परगण्यातली आपली जमीन त्याने 1868 मध्ये गुस्ताफ गुस्ताफसन नावाच्या माणसाला हप्त्यांवर विकली होती. ते हप्ते थांबले, जमीन परत चार्ल्सकडे आली आणि 1871 मध्ये कुटुंब माघारी पेपिनला गेलं. लॉराच्या पहिल्या पुस्तकातलं जंगलातलं बालपण या माघारीनंतरचं आहे. पुस्तकांचा क्रम आणि आयुष्याचा क्रम असा उलटा झाला आहे. लेखिकेने कथेसाठी तो बदलला. त्यात गैर काही नाही. पण आपल्या वडिलांना सरकारने अन्यायाने घालवलं असा जो समज वाचकाच्या मनात राहतो, तो खरा नाही आणि तो तसाच राहू देता कामा नये.

पुढचा मुक्काम मिनेसोटातलं वॉलनट ग्रोव्ह. इथे कुटुंब 1874 मध्ये आलं आणि रॉकी पर्वताकडच्या टोळधाडीत सापडलं. ती टोळांची जात नंतर पृथ्वीवरूनच नाहीशी झाली; जिवंत नमुना शेवटचा मिळाला तो 1902 मध्ये. त्या वर्षांत मात्र गव्हाचं एक पातंही उरत नव्हतं. पुस्तकातले वडील कामासाठी शेकडो मैल पायी जातात आणि कोणापुढे हात पसरत नाहीत. मिनेसोटा राज्याच्या मदतवाटपाच्या कागदांत 1875 अखेर चार्ल्स इंगल्सची सही आहे. जवळ काहीही उरलेलं नाही असा जबाब देऊन त्याने पीठ घेतलं होतं. ही सही पाहून त्या माणसाबद्दलचा आदर कमी होत नाही, उलट वाढतो. पोरांसाठी त्याने मान खाली घातली आणि घरी त्याची वाच्यता होऊ दिली नसावी.

यानंतर पुस्तकांमध्ये चक्क दोन-अडीच वर्षांचं भगदाड आहे. 1 नोव्हेंबर 1875 रोजी इंगल्स दांपत्याला मुलगा झाला, चार्ल्स फ्रेडरिक. 27 ऑगस्ट 1876 रोजी, नऊ महिन्यांचा असताना, मिनेसोटातल्याच साउथ ट्रॉयजवळ तो गेला. त्यानंतर कुटुंब आयोवातल्या बर ओक गावी गेलं, तिथे हॉटेलात काम करून राहिलं, 1877 मध्ये धाकटी ग्रेस तिथेच जन्मली, आणि भाडं थकलेलं असताना रातोरात गाव सोडावं लागलं. यातलं काहीच कादंबऱ्यांत नाही. लॉराने 1930 मध्ये लिहिलेल्या आत्मचरित्राच्या हस्तलिखितात ते आहे. साउथ डकोटाच्या इतिहास मंडळाने ते टिपांसह 2014 मध्ये छापलं. घरातल्या गोष्टी ऐकताना कुठली वर्षं कोणी सांगतच नाही, तिकडे लक्ष द्यावं. दुःख आणि लाज नेमकी त्याच वर्षांत असते.

थोरली मुलगी मेरी पुढे आंधळी झाली. त्या अंधत्वाचं कोडंही कागदांनीच सोडवलं. पुस्तकात कारण आहे स्कार्लेट फीवर. बेथ टारिनी या बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी 2013 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं की बहुधा तो मेंदूच्या आवरणाचा आणि मेंदूचा विषाणुजन्य दाह असावा. आधार होते लॉराचं अप्रकाशित लेखन आणि पत्रं, 1879च्या स्थानिक वृत्तपत्रातल्या मेरीच्या तीव्र डोकेदुखीच्या आणि चेहऱ्याच्या एका बाजूला झालेल्या लकव्याच्या बातम्या, आणि आयोवातल्या विंटनच्या अंधशाळेची नोंदवही. गावातल्या साप्ताहिकात कोण आजारी, कोणाकडे पाहुणे, कोणाची गाय हरवली असल्या बारीक बातम्या छापल्या जात. त्या काळी त्या पानं भरण्यापुरत्या होत्या. आज त्यांवर रोगनिदान उभं आहे.

आता परत सेक्शन 3 कडे. चार्ल्स 1879 मध्ये रेल्वेच्या कामावर हिशेबनीस म्हणून डकोटा प्रदेशात आला होता आणि पुढच्या वर्षी त्याने ही जमीन धरली. पक्का पुरावा दिला मे 1886 मध्ये. त्या प्रसंगी जी फाइल तयार होई, ती वंशशोधकाच्या दृष्टीने सोन्याची खाण असते. छापील प्रश्नावली असे: तुमचं वय, जन्मस्थान, नागरिकत्व, घर कधी बांधलं, केव्हा राहायला आलात, कुटुंबात कोण कोण, जमीन सोडून कधी, किती काळ आणि का गेला होता, किती एकर नांगरली, किती हंगाम पीक घेतलं. परदेशात जन्मलेल्याच्या फाइलला नागरिकत्वाचे दाखले जोडलेले असतात, आणि पुष्कळ युरोपीय कुटुंबांना आपलं मूळ गाव पहिल्यांदा तिथेच सापडतं. पुराव्याआधी स्थानिक वृत्तपत्रात नोटीस छापावी लागे. तिच्यात चार साक्षीदारांची नावं असत आणि त्यांतले दोघे जबाब देत. ही माणसं अनोळखी नसत. शेजारी, जुने सोबती, कधी मेहुणे. साक्षीदाराचं नाव दिसलं की त्याचीही फाइल काढावी, कारण तिच्यात बहुधा आपला माणूस साक्षीदार म्हणून बोललेला सापडतो.

‘सोडून कधी गेला होता’ या प्रश्नाचं महत्त्व कादंबरी वाचलेल्याला लगेच कळेल. 1880-81च्या त्या भीषण हिवाळ्यात रेल्वे महिनोन्महिने बंद पडली आणि इंगल्स कुटुंब शेतावरची झोपडी सोडून गावातल्या आपल्या इमारतीत राहत होतं.

मालकीपत्रांच्या प्रती अमेरिकी जमीन व्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. पूर्ण फाइल मात्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असते. ज्यांचे दावे रद्द झाले किंवा ज्यांनी जमीन सोडली, त्यांच्याही फायली तिथे जपलेल्या आहेत. नापास झालेल्यांच्या या फायली माणसं उघडत नाहीत. वास्तविक मैदानांची खरी कहाणी त्यांत जास्त आहे.

एक मोठी पोकळी भरून न येणारी आहे. 1890ची जनगणना. वॉशिंग्टनला जानेवारी 1921 मध्ये लागलेल्या आगीत तिचे बहुतेक कागद जळाले आणि भिजले, आणि जे उरलं होतं त्यातलंही जवळपास सगळं पुढे सरकारने नष्ट केलं. होमस्टेडरांच्या पिढीची मुलं 1880 आणि 1900च्या जनगणनांमधल्या वीस वर्षांत जन्मली, लग्नं करून पांगली. तिथे प्रांतांच्या स्वतंत्र जनगणना, चर्चच्या वह्या आणि वृत्तपत्रं यांवर भागवावं लागतं.

कॅरोलाइन इंगल्स या सगळ्यात कुठे आहे? होमस्टेडच्या फाइलीत ती ‘बायको’ आहे, दावेदार नाही. जमीन तिच्याही कष्टाने टिकली, पण सही चार्ल्सची. तिचा माग लागतो तो कौटुंबिक बायबलमधल्या जन्ममृत्यूच्या नोंदींत, डी स्मेटच्या काँग्रिगेशनल चर्चच्या पहिल्या सभासदांत आणि बहिणींना लिहिलेल्या पत्रांत. चार्ल्स 1902 मध्ये गेला. ती त्यानंतर बावीस वर्षं, 1924च्या एप्रिलपर्यंत जगली. आई गेल्यावर लॉराला जाणवलं की जुन्या गोष्टी सांगणारं माणूस संपत चाललं आहे. 1925 मध्ये तिने वृद्ध मार्था मावशीला पत्र लिहून विचारलं की तुम्ही बहिणी लहान असताना काय खात होतात, कशा राहत होतात, जमेल तेवढं लिहून कळव. मावशीने लांबलचक उत्तरं पाठवली. कॅरोलाइनच्या बालपणाबद्दल आज जे माहीत आहे त्यातला मोठा वाटा त्या पत्रांचा आहे.

चार्ल्स आणि कॅरोलाइनचा वंश पुढे चालला नाही. मेरीचं लग्न झालं नाही, कॅरी आणि ग्रेस यांना मूल नव्हतं, आणि लॉराची एकुलती मुलगी रोझ वाइल्डर लेन 1968 मध्ये निपुत्रिक वारली. आज या जोडप्याचा थेट वंशज म्हणवणारा कोणी भेटला, तर तो चुकतो आहे. तरीही मैदानांवरच्या दुसऱ्या कोणत्याच शेतकरी कुटुंबाचा इतका बारीक शोध बहुधा झालेला नाही.

आता हा शोध इतरांसाठी व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्या घरी पुस्तक लिहिणारी मुलगी नव्हती अशा लाखो जोडप्यांच्या फायली अजून कोणी उघडलेल्या नाहीत. ओसेज लोकांच्याही नावानिशी याद्या आहेत: वार्षिक रकमा वाटताना सरकारने कुटुंबागणिक केलेल्या. रटलंड टाउनशिपच्या त्या यादीत घुसखोरांची नावं आहेत, ज्यांची जमीन होती त्यांची नाहीत. पुढच्या अभ्यासकाने या दोन याद्या एकाच टेबलावर ठेवून कामाला बसावं.